वेळ काढायचा कुठून? सांगलीच्या एका अभ्यासिकेत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विश्रामबागेत मी अभ्यासिका चालवते. दाराशी एक वही टांगलेली असते. ती ठेवली होती पंखा चालत नाही, प्यायचं पाणी संपलं असल्या तक्रारींसाठी, पण पोरं त्यात भलतंच लिहून जातात. "मॅडम, दिवस पुरत नाही" हे वाक्य तर इतक्या वेगवेगळ्या अक्षरांत वाचलंय की आता अक्षरावरून परीक्षा ओळखते. राज्यसेवेवाले, पोलीस भरतीवाले, कुपवाडच्या एमआयडीसीत पाळीने काम करून येणारे, मुलांना शाळेत सोडून दोन तास टेकणाऱ्या बायका, असे सगळे इथे बसतात. वहीत आणि व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदाच उत्तरं लिहून ठेवतेय. प्रश्न शक्यतो विचारणाऱ्याच्याच शब्दांत ठेवलेत.

१. वेळेचं नियोजन म्हणजे नेमकं काय? वेळापत्रक बनवणंच ना?

वेळापत्रक सगळ्यात शेवटी. त्याआधी विरळणी.

माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, द्राक्षबागेतलं. ऑक्टोबर छाटणीनंतर वेलीवर घड दिसायला लागले की ते सगळेच्या सगळे ठेवत नाहीत. जादा घड काढून टाकतात, आणि जे ठेवतात त्यांतलेही मणी बायका कात्रीने विरळ करतात. लहानपणी मला ते बघवायचं नाही. चांगले हिरवेगार मणी, आणि खाली मातीत त्यांचा सडा. मी एकदा आजोबांकडे तक्रार केली तर ते म्हणाले, सगळे ठेवले तर फुगणार कुठले? जागा नको का?

आपण 'वेळ काढतो' म्हणतो तेव्हा तो कशातून तरी काढावा लागतो. नव्या ध्येयाला रोज दोन तास द्यायचे असतील तर आजच्या दिवसातले कोणते दोन तास कापणार ते आधी सांगा. माझ्याकडे नाव नोंदवायला येणाऱ्याला मी हाच एक प्रश्न विचारते. दहातले आठ जण म्हणतात, "ॲडजस्ट करीन." तेच आठ जण महिन्याभरात दिसेनासे होतात.

२. ध्येय ठरवायचं कसं? मला फक्त 'काहीतरी करून दाखवायचंय' एवढंच माहीत आहे.

त्याला तारीख आणि काम चिकटवा. 'इंग्रजी सुधारायचंय' यात उद्या सकाळी काय करायचं ते कळत नाही. 'मार्चअखेर इंग्रजी वर्तमानपत्रातलं एक पान शब्दकोश न उघडता वाचायचं' यात कळतं.

मग तारखेपासून मागे मोजत या. बागायतदाराला विचारा, बाग कितीची झाली? तो महिना सांगत नाही, छाटणीपासूनचे दिवस सांगतो: पंचेचाळीस, सत्तर. छाटणी ते काढणी साधारण १२० ते १४० दिवस, आणि त्यातल्या कोणत्या टप्प्याला कोणतं काम हे त्याला तोंडपाठ असतं. डिपिंगचं, म्हणजे घड औषधाच्या द्रावणात बुडवायचं काम पंधरा दिवसांनी केलं तर चालेल का, असं तो कधी विचारत नाही. तुमच्याही ध्येयाला असे दिवस मोजा. परीक्षेची तारीख जाहीर झालेली नसेल तर स्वतःची एक धरून चाला.

३. माझा वेळ जातो कुठे तेच कळत नाही. दिवसभर तर काहीतरी करतच असतो.

शंभर पानांची वही घ्या. सात दिवस, दर अर्ध्या तासाला, प्रत्यक्षात काय केलं ते दोन शब्दांत लिहा. या आठवड्यात सुधारायचं काहीच नाही, फक्त लिहायचं. रात्री आठवून लिहिलं तर उपयोग नाही, कारण रात्रीपर्यंत आपण स्वतःला चांगलं दाखवायला लागलेलो असतो.

तासगावहून एसटीने येणारा एक मुलगा होता. त्याच्या डोक्यात हिशोब असा: सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, मध्ये दोन चहा, दहा-दहा मिनिटांचे. त्याची वही मी पाहिली. पहिला चहा ११:०५ ते ११:५०. दुसरा ४:०० ते ४:४०. चहा दहाच मिनिटांचा होता हो, पण टपरी रस्त्याच्या पलीकडे, तिथे भरतीच्या जाहिरातीची चर्चा, मग परत आल्यावर पुस्तक कुठे उघडं होतं ते शोधणं. नऊ तासांतून असे गळत गळत साडेचार राहिले होते. त्याने चहा सोडला नाही. घरून थर्मास आणायला लागला आणि व्हरांड्यात प्यायला लागला, एवढंच.

फोनचा वेळ वहीत लिहू नका, तो फोनच सांगतो. सेटिंगमध्ये आकडा असतो. पाहताना बसलेले असा.

४. पहाटे चारला उठलंच पाहिजे का?

नाही. मोठ्या माणसाला रात्रीची सात तास तरी झोप लागते. दहाला झोपणारा पाचला उठू शकतो. साडेबाराला झोपणारा चारला उठला तर आमच्याकडे दहा वाजता टेबलावर डोकं टेकून झोपतो. ती झोप मी रोज बघते. पहाटेचं कौतुक एकाच कारणासाठी करावं: त्या वेळी कुणी फोन करत नाही. तेवढी शांतता रात्री मिळत असेल तर रात्री बसा. पाळीत काम करणाऱ्यांनी प्रश्न ९ पाहावा.

५. पंचवीस मिनिटांची ती टोमॅटोवाली पद्धत खरंच चालते का?

सुरुवात होत नसेल तर चालते. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं घड्याळ लावून ती स्वतःसाठी काढली. पोमोदोरो म्हणजे इटालियनमध्ये टोमॅटो. पंचवीस मिनिटं काम, पाच मिनिटं थांबायचं.

माझी हरकत वेगळी आहे. राज्यसेवा पूर्वपरीक्षेचा पेपर दोन तासांचा असतो. वर्षभर दर पंचवीस मिनिटांनी उठायची सवय लावलेला मुलगा तिथे पाऊण तासानंतर चुळबुळ करायला लागतो. तेव्हा सुरुवातीचे दोन-तीन आठवडे पंचवीस, मग चाळीस, मग साठ असं वाढवत न्या. परीक्षेच्या आधीच्या दोन महिन्यांत तरी आठवड्यातून दोनदा सलग दोन तास बसायला हवं. ज्यांचं ध्येय परीक्षा नाही, म्हणजे हिशोब, शिवण, लिखाण असलं काही आहे, त्यांनी हात लागल्यावर मध्येच घंटा वाजली म्हणून उठू नये.

६. कोणतीही सवय लागायला २१ दिवस लागतात ना?

हा आकडा कुणी पसरवला कोण जाणे, पण बाविसाव्या दिवशी निराश झालेले मी बरेच पाहिलेत. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला होता, २००९ मध्ये तो प्रसिद्ध झाला. सवय अंगवळणी पडायला सरासरी ६६ दिवस लागतील असं त्यात निघालं, पण माणसागणिक फरक १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत. पाणी पिण्यासारखी सोपी सवय लवकर लागते, व्यायामाला वेळ लागतो. त्यातलं मला आवडलेलं म्हणजे एखादा दिवस चुकल्याने एकूण सवयीवर फारसा परिणाम दिसला नाही. एक दिवस बुडाला म्हणून 'आता सोमवारपासून' म्हणू नका. सलग बरेच दिवस बुडाले तर प्रश्न १२.

७. ठरवतो खूप, पण सुरुवातच होत नाही. हा आळस आहे का?

बहुतेक वेळा नाही. 'संध्याकाळी अभ्यास करायचा' असं ठरवलेलं असतं आणि संध्याकाळ चार तासांची असते. त्यातला कोणता क्षण पकडायचा हे ठरलेलं नसतं, म्हणून सगळेच क्षण निसटतात.

पीटर गोल्विट्झर या मानसशास्त्रज्ञाने यावर बरंच काम केलंय. 'अमुक झालं की तमुक करीन' अशा जोडीत ठरवलेलं काम नुसत्या निश्चयापेक्षा जास्त वेळा पार पडतं. आपल्याकडचं उदाहरण देते. मिरजेजवळच्या खेड्यातली एक मुलगी संध्याकाळी डेअरीला दूध घालून येते. तिचं ठरलेलं: किटली विसळून पालथी घातली की ओल्या हातानेच गणिताची वही काढायची. हात पुसायला आत गेलं की टीव्ही दिसतो, हे तिचं तिनेच शोधलं. तिच्या वहीच्या कोपऱ्यांवर पाण्याचे डाग आहेत, वही भरत आली आहे.

८. फोनचं काय करू? व्याख्यानं पण त्यातच आहेत.

अभ्यासिकेच्या दाराशी लोखंडी कपाट आहे, त्यात फोन ठेवायचा. सक्ती नाही, पण ठेवणाऱ्यांना खिडकीजवळची खुर्ची मिळते, तेवढी लाच मी देते.

'दोनच मिनिटं बघितला' हे खरं असतं, नुकसान मात्र दोन मिनिटांचं नसतं. सोफी लरॉय यांनी २००९ च्या एका शोधनिबंधात दाखवलं की एक काम अर्धवट सोडून दुसऱ्याकडे वळलं की लक्षाचा काही भाग पहिल्यातच अडकून राहतो. भावकीच्या ग्रुपवर कोण कुणाला काय बोललं हे वाचून घटनेच्या कलमांकडे परत आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही.

व्याख्यानं घरी डाउनलोड करून घ्या आणि इथे फोन विमान मोडवर टाकून बघा. घरचे काळजी करतात म्हणून फोन चालूच ठेवावा लागतो, असं म्हणणाऱ्यांनी घरी माझा नंबर देऊन ठेवावा. निरोप मी आणून देईन.

९. माझी पाळी दर आठवड्याला बदलते. वेळापत्रक बनवायचं कसं?

घड्याळाला बांधू नका, झोपेला बांधा. 'सकाळी सहा ते आठ' असं लिहिलंत तर तीन आठवड्यांतला एकच आठवडा ते जमेल. 'झोपून उठल्यावर चहा झाला की दीड तास' असं लिहा. मग ते पहिल्या पाळीला दुपारी येईल, रात्रपाळीला संध्याकाळी येईल, पण येईल. पहिली, दुसरी, रात्रपाळी अशी तीन वेगवेगळी वेळापत्रकं करून दाराच्या मागे लावा.

रात्रपाळी सुटल्यावर थेट अभ्यासाला येऊ नका. सकाळी आठला लाल डोळ्यांनी येणाऱ्यांना मी परत पाठवते, त्यावरून भांडणंही झालीत. झोप झाल्याशिवाय वाचलेलं राहत नाही, आणि त्या अवस्थेत मोटारसायकल चालवणं धोक्याचं. पाळी बदलायच्या दिवशी काहीही ठरवू नका, तो दिवस गेलाच असं धरा.

शेतकऱ्यांचंही हेच. शेतीपंपाची वीज रात्रीची असेल त्या आठवड्याचं वेळापत्रक रात्रपाळीचंच.

१०. मी गृहिणी आहे. सगळं उरकून बसते तोवर कुणीतरी हाक मारतं. माझ्यासाठी काही आहे का?

आहे, पण ते घड्याळात नाही. देशाच्या सांख्यिकी कार्यालयाने २०१९ मध्ये वेळेच्या वापराचं सर्वेक्षण केलं. स्वतःच्या घरचं काम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालतात, पुरुष ९७. म्हणजे पाच तासांना दीड तास. ज्या बाईचे पाच तास असे आधीच गेलेत तिला 'लवकर उठा, यादी करा' सांगणं मला पटत नाही. तिने यादी केली तर यादीत घरातल्यांचीच कामं येतात.

इथे मिनिटं वाचवत बसू नका, कामं वाटा. आणि वाटताना 'जरा मदत करा' म्हणू नका. मदत म्हणजे काम तुमचंच राहिलं, दुसऱ्याने हात लावला इतकंच. अख्खं काम द्या. उदाहरणार्थ डबा. उद्या भाजी कोणती हे ठरवणं, ती आणणं, निवडणं, चिरणं, करणं, भरणं, आणि संध्याकाळी पिशवीतून डबा काढून घासायला टाकणं, हे सगळं मिळून डबा. नवऱ्याने भाजी चिरून दिली की तुमची दहा मिनिटं सुटतात. आठवड्यातले दोन दिवस डबा पूर्ण त्याच्याकडे गेला की 'उद्या भाजी कोणती' हा विचारही सुटतो, आणि तोच जास्त जड असतो. पहिले दोन आठवडे भाजी खारट होईल. त्यात बोलायचं नाही.

दुसरं: घराबाहेर पडा. वाचनालय, देवळाचा सभामंडप, मैत्रिणीची गच्ची, कुठेही. घरात दार लावून बसलेल्या बाईला 'आत काय करतेस' विचारतात. पिशवी घेऊन निघालेल्या बाईला 'किती वाजता येणार' विचारतात. दुसऱ्या प्रश्नाला उत्तर देणं सोपं जातं.

सासूबाई आजारी, मूल वर्षाच्या आतलं, अशी परिस्थिती असेल तर मोठं ध्येय सहा महिने बाजूला ठेवलं तरी चालतं. बाजूला ठेवतोय हे मात्र तारखेसकट लिहून ठेवा.

११. नियोजन करूनही प्रत्येक कामाला ठरवल्यापेक्षा जास्त वेळ का लागतो?

हे सगळ्यांचंच होतं. डॅनियल कानेमन आणि एमॉस ट्वर्स्की यांनी १९७९ मध्ये या चुकीला नावही दिलं. अंदाज करताना आपण सगळं सुरळीत जाईल असं धरतो, मागच्या वेळी काय झालं होतं ते विसरतो. हे पान मी दिवाळीच्या सुट्टीत दोन दिवसांत लिहिणार होते. आता होळी आली.

उपाय कंटाळवाणा आहे. प्रश्न ३ मधली वही उघडा, याच प्रकारच्या मागच्या कामाला किती वेळ लागला होता ते बघा आणि तोच आकडा लिहा. वही नसेल तर मनातल्या आकड्याची दीडपट धरा. दिवसातला एक तास कोरा ठेवा. तो कशानेतरी भरतोच.

१२. पूर, लग्नकार्य, आजारपण. एकदा घडी विस्कटली की परत बसतच नाही.

पावसाळ्यात आपण सांगलीकर एकमेकांना काय विचारतो? आयर्विनला, म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलाशी, पाणी किती फूट? चाळीस फुटांना इशारा पातळी, पंचेचाळीसला धोका पातळी. चाळीसला कोणतं सामान वर न्यायचं आणि पंचेचाळीसला घर सोडून कुठे जायचं, हे नदीकाठच्या घरांत ठरलेलं असतं. पाणी उंबऱ्याला लागल्यावर कुणी विचार करत बसत नाही. अभ्यासालाही असे तीन कागद हवेत.

नेहमीचा कागद म्हणजे पूर्ण वेळापत्रक. चाळीस फुटांचा कागद घरी पाहुणे, ताप, लग्नाचा आठवडा अशा दिवसांचा: त्यात एकच विषय, चाळीस मिनिटं, बाकी सगळं बंद. पंचेचाळीसचा कागद दवाखाना, मयत, खरा महापूर यांच्यासाठी. त्यावर एकच ओळ असते, परत कोणत्या दिवशी कोणत्या पानापासून सुरू करणार.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांपर्यंत गेलं तेव्हा अभ्यासिका बंद करून आम्ही खुर्च्या एका बाजूला रचल्या आणि सतरंज्या घातल्या. गावभागातली तीन कुटुंबं तिथे राहिली. पाणी ओसरल्यावर चिखल काढण्यात सगळ्यांचाच महिना गेला. परत आलेल्यांतले टिकले कोण? ज्यांनी बुडालेला अभ्यास भरून काढायचा नाद सोडला ते. रोजचे सहा तास अधिक मागच्या थकबाकीचे चार, असं करणारे आठवडाभरात दमले. बुडालं ते बुडालं. तारखेपर्यंत जे दिवस उरलेत त्यांचं नव्याने मोजा (प्रश्न २).

लग्नं, जत्रा, ऊसतोड यांना मात्र संकट म्हणू नका. त्यांच्या तारखा आधी कळतात. कॅलेंडरवर आधी त्या भरा, मग अभ्यास.

१३. राज्यसेवा, पोलीस भरती, बँक, तिन्हींची तयारी एकदम केली तर?

घड जास्त झाले (प्रश्न १). गणित, बुद्धिमत्ता, चालू घडामोडी यांत सारखेपणा आहे हे खरं. पण पोलीस शिपाई भरतीत मैदानीला ५० गुण आहेत. मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावायचं, म्हणजे सकाळचे दोन तास मैदानाला आणि पुढचा तास अंग दुखण्याला. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, तिथे रोज हाताने लिहिण्याचा सराव लागतो. बँकेला हवा वेग. तीन वेगळ्या माणसांचा दिवस एका माणसाला जगता येत नाही. एक मुख्य धरा. दुसरीचा अर्ज भरा, पण तिच्यासाठी वेगळी वेळ काढू नका. तिसरी सोडा.

१४. ॲप कोणतं वापरू?

वही.

१५. हौशी नाटकात काम करतो. ध्येयासाठी तालमी सोडू का?

१८४३ मध्ये ज्या गावात विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' उभं केलं, त्या गावात मी तालीम सोडा म्हणणार नाही. शिवाय माझा अनुभव असा की तालमीला जाणारी मुलं वेळेला पक्की असतात, कारण तिसरी घंटा कुणासाठी थांबत नाही हे त्यांना ठाऊक असतं. पण वही मागवली की दिसतं: तालीम दोन तासांची आणि नंतरचं भडंग खात उभं राहणं अडीच तासांचं. तालीम ठेवा. भडंग पुडीत बांधून घरी न्या.

१६. सगळं पाळतोय, तरी निकाल येत नाही. किती वर्षं थांबायचं?

हा प्रश्न वहीत कुणी लिहीत नाही. अभ्यासिका बंद करायच्या वेळी, दिवे मालवताना विचारतात.

किती वर्षं ते मी सांगू शकत नाही. घरची स्थिती, वय, गुणांचं अंतर, सगळं वेगळं असतं. पण कधी ठरवायचं ते सांगते: निकालाच्या आधी. निकालाच्या दिवशी ठरवलं तर दोन गुणांनी हुकल्यावर माणूस आणखी तीन वर्षं थांबतो आणि चाळीस गुणांनी हुकल्यावर रागात सगळं फेकतो. पुढच्या परीक्षेचा अर्ज भरायच्या दिवशीच कागदावर लिहा: या वेळी इतके गुण आले तर पुढे, नाहीतर अमुक काम. 'अमुक काम' ही जागा कोरी ठेवू नका. ती कोरी राहिली की माणूस सवयीनेच परत अर्ज भरतो.

कवठेमहांकाळकडच्या एका मुलाने अशी चिठ्ठी त्याच्या टेबलाच्या आतल्या बाजूला चिकटवली होती. मला माहीत नव्हतं. निकालानंतर चौथ्या दिवशी तो आला, कपाटाची किल्ली दिली, ती चिठ्ठी नखाने खरवडून काढली आणि अनामत परत मागितली. पाचशे रुपये. मामाच्या ठिबक सिंचनाच्या दुकानात सोमवारपासून जायचं होतं, त्यासाठी एसटीचा पास काढायचा होता. टेबलावर डिंकाचा चौकोन अजून आहे.